नावाड्याचा कोट

४ फेब्रुवारी

मावशी,

फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर ‘हात भुशात आहेत’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र. नुसतं वाचून सुयांच्या डब्यात टाकू नकोस, उत्तर पाठव.

काम आहे. आमच्या संग्रहालयात नवं दालन होतंय. जुन्या जगातल्या लोकांनी मेल्यानंतरच्या मुलखाबद्दल काय काय कथा सांगितल्या, त्याचं. वाळवंटातले लोक, बेटांवरचे लोक, दोन नद्यांच्या मधले लोक, सगळे. मडकी आणि मुद्रा आहेतच, पण संचालकबाई म्हणतात की बघणाऱ्याला माणसं दिसली पाहिजेत. माणसाएवढे कापडी पुतळे. मी म्हटलं, असे पुतळे माझी मावशीच करते.

तीन हवेत. पहिला नावाडी. तो मेलेल्यांना काळ्या पाण्यापलीकडे नेतो. म्हातारा, चिडका, अंगात जुना जाड कोट. दुसरी खालच्या मुलखाची राणी. तिच्याकडे जायला सात दरवाजे, आणि प्रत्येक दरवाज्यात आलेल्याने अंगावरचं काहीतरी एक काढून द्यायचं. तिसरी एक साधी बाई. ती साप चावून गेली. नवरा गाणारा होता. तो खाली उतरला, गाऊन गाऊन तिथल्या राजाराणीला पाझर फोडला, बायकोला परत मिळवली. अट एकच, वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. उजेडाच्या तोंडाशी आला आणि वळला. गेली ती.

सोबत एक बोचकं पाठवतोय. कोठारातल्या जुन्या चादरी आहेत, चिंध्या करून. तिसऱ्या पुतळ्यात भरायला वापर.

मी बरा आहे. ती गेल्यापासून घर फार मोठं झालंय, म्हणून दालनामागच्या खोलीत खाट टाकली आहे. कामाला सोपं पडतं.

तुझा,
घुबड्या

११ फेब्रुवारी

चि. घुबडा,

चष्मा कितीही बारीक काड्यांचा घेतलास तरी घुबडच तू.

ऑर्डर घेतली. पण हा गाणारा नवरा मला पटला नाही. एवढा गळा काढून लोकांना रडवलंस, आणि मान सरळ ठेवता येईना? तुझे काका तस्सेच. रस्त्याने माझ्यापुढे चालायचे आणि सारखे वळून बघायचे, ही बया कोणाशी गप्पा मारत उभी राहिली की काय. मी उभी राहिलेलीच असायचे! त्यांच्या नशिबी काळं पाणी नव्हतं म्हणून, नाहीतर मला त्यांनी रोज घालवली असती.

काका आत्ता आतल्या खोलीतल्या खुर्चीतून म्हणतायत, पोराला कामाचं लिही. हसू नकोस. माणूस जाऊन अकरा वर्षं झाली म्हणून काय त्याच्या तोंडी बोलायचं नाही?

तर कामाचं. धंद्यातल्या दोन गोष्टी सांगून ठेवते, तुझ्या बाईंनाही सांग. एक, डोळे सगळ्यात शेवटी. पुतळा जिथे राहायचा तिथे उभा करायचा, मग मी येऊन डोळे टाचणार. त्याने डोळे उघडल्यावर पहिल्यांदा आपलं घर बघावं. माझी खोली बघितली तर त्याला तेच घर वाटतं, मग तो दुसरीकडे रुळत नाही. दोन, गेलेल्या माणसाचे कपडे पुतळ्याच्या अंगावर चालतात, पोटात चालत नाहीत. नियम काकांचे, त्यांच्या वडिलांचे. कारण विचारलं की काका म्हणायचे, सुई ओव आणि गप बस. मी सुई ओवायचे. गप बसणं कधी जमलं नाही.

डोळ्यांसाठी सकाळच्या गाडीने येईन आणि संध्याकाळच्याने परत. मुक्काम करणार नाही. उगाच आग्रह करू नकोस.

बोचकं मिळालं. तुमच्या चादरी बऱ्याच रंगीत दिसतात!

आणि खाट कसली टाकतोस तिथे? मढ्यांच्या गोष्टी भिंतीला लावायच्या आणि त्यांच्यातच झोपायचं? घरी जा. दिवा लाव, रेडिओ लाव, भांडी आपट. घराला कळू दे कोणीतरी आहे.

मावशी

१८ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र संचालकबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या. मीही बऱ्याच दिवसांनी हसलो असेन.

तुला आवडतील अशा आणखी काही कथा सांगतो. वाळवंटातल्या लोकांची एक देवी आहे. तिच्या नवऱ्याला त्याच्या भावाने मारून तुकडे करून दूरदूर फेकलं. ती बाई नदीनदीने हिंडली, एकेक तुकडा शोधला, जोडला, कापडात गुंडाळला आणि नवरा पुन्हा उभा केला. तुझ्या धंद्यातलीच म्हणायची.

बेटांवरच्या लोकांचा एक देव बायकोला आणायला अंधारात गेला. ती म्हणाली, मी विचारून येते, तोवर माझ्याकडे बघू नकोस. त्याला धीर निघेना. त्याने डोक्यातल्या फणीचा दात मोडून पेटवला आणि बघितलं. बघू नये असं दिसलं.

आणि दोन नद्यांमधली ती देवी, सात दरवाज्यांतून खाली गेलेली. तिला परत सोडलं, पण तिच्या जागी कोणीतरी द्यावं लागलं. तिथला कायदाच आहे, एकाच्या बदल्यात एक. मला हीच सगळ्यात खरी वाटते.

तिसऱ्या पुतळ्याची मापं देतो. उंची अशी की डोकं माझ्या हनुवटीला लागेल. डावा खांदा किंचित खाली. मनगट बारीक, माझ्या दोन बोटांत मावेल असं. मान जरा पुढे, कोणीतरी काहीतरी सांगतंय आणि ती ऐकतेय अशी. बोचक्यातलं सगळं हिच्यातच भर. एक चिंधीही बाहेर राहू देऊ नकोस.

घरी जाऊन काय करू? इथे बरं आहे. जेवण होतं कधीकधी.

डोळ्यांना लवकर ये.

घुबड्या

१ मार्च

घुबडा,

खोटं बोलतोस, आणि तेही धड बोलता येत नाही तुला.

नावाडी झाला. नाक असं काढलंय की बघणाऱ्याने घाबरून सुटे पैसे काढावेत. फक्त कोट राहिलाय, मनासारखा जुना मिळत नाही. राणीही झाली, ती तर माझ्या सासूवर गेली आहे, मुद्दाम नाही केलं. मग तुझी तिसरी घेतली. मापं वाचली आणि मनात म्हटलं, संग्रहालयातल्या माणसाकडे टेप नाही का? हनुवटीएवढी, दोन बोटांएवढी, ही काय मापं झाली? पण म्हटलं पोरगा दुःखात आहे, असेल. भरली तुझी बोचक्यातली कापडं. सगळी. शिवून भिंतीशी उभी केली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची नर्सबाई जिन्यात भेटली. म्हणाली, “मावशी, पाहुण्या आल्यात का तुमच्याकडे?”

मी म्हटलं, “कुठल्या पाहुण्या?”

“सकाळपासून शिंकतायत की. काय शिंक आहे बाई, माझ्या खिडकीची काच हलली! सर्दी छातीत जायच्या आधी वाफ द्या त्यांना.”

अख्ख्या आयुष्यात अशी एकच शिंक मी ऐकली आहे. तुझी बायको माझ्याकडे टाके शिकायला बसायची तेव्हा भुसा नाकात गेला की रस्त्यावरची कुत्री भुंकायची. ‘तोफ’ नाव मीच ठेवलं तिला. सर्दीच आहे, सर्दीच आहे म्हणत गेली ती पोर.

मी वर आले. पुतळ्याच्या पाठीला सुई लावली, तर सुई कडक काहीतरी लागून वाकली. दोन टाके उसवून बोट घातलं. पानाच्या आकाराचं लाकडी बटण. त्या हिरव्या स्वेटरला ती बटणं मी माझ्या हाताने लावली होती रे. चादरींना बटणं असतात का?

नियम सांगितले होते तुला. आणि तू ते वाचून हसलास म्हणे.

कात्री घेऊन बसले होते, पण हात होईना. तिला उसवायचा हक्क माझा नाही, तुझा आहे. ये, दोघं मिळून करू. डोळे मी टाचणार नाही. आणि पुतळा पाठवणार नाही.

काल रात्रीपासून मी त्या खोलीत काम करत नाही. स्वयंपाकघरात बसून नावाड्याची बोटं शिवतेय.

मावशी

५ मार्च

मावशी,

उसवू नकोस. हात लावू नकोस.

तू शिंक ऐकलीस. म्हणजे मी वेडा नाही. म्हणजे ती येऊ शकते, फक्त तिला दिसत नाहीये कुठे यायचं. डोळे झाले की दिसेल. तिच्या जागी कोणीतरी द्यावं लागेल हे मला माहीत आहे. मी कोणाला विचारायला जाणार नाही, मी आहेच. तिकडे माती खातात म्हणे, आणि अंगावर पिसं घालून पाखरांसारखे बसतात. चालेल मला.

संग्रहालयाचा टेम्पो घेऊन येतोय.

घु.

१० मार्च

चोरा,

मी दात काढायला गेले आणि तू माझं घर काढलंस. शेजारचा किल्लीवाला म्हणाला, तुमचा भाचा आला होता, तीन मोठ्या बायका-माणसं उचलून टेम्पोत घालून गेला, मी मदत केली. वर म्हणतो, एक ताई फार जड होती! तोंडात कापूस होता म्हणून वाचला तो.

नावाड्याला तसाच उघडा नेलास? राणीचा मुकुट इथेच आहे.

आणि एक विचारते. आतल्या खोलीची कडी तू काढलीस का? वाऱ्याने काढली म्हणू नकोस. वारा कडी काढून परत उलटी लावत नाही.

काय बघितलंस ते लिही. नाहीतर लिहू नकोस.

मावशी

१४ मार्च

मावशी,

कडी मीच काढली. मला वाटलं पुतळा आत लपवला असशील.

खुर्चीत काका बसले होते. मी ‘काका’ म्हणून हाक मारली, आणि मग आठवलं की ते नाहीत. त्यांचा तो तपकिरी कोट. पायात पॉलिश केलेले बूट. समोरच्या स्टुलावर दोन कप, एक रिकामा, एक भरलेला, साय धरलेला. आणि डोळे. तुझा हात ओळखू आला मला. तू डोळे घरीच टाचलेस त्यांचे. कोटाखालून सदरा निघाला होता, सदऱ्याच्या आत आणखी सदरा. तुझे दोन्ही नियम तूच मोडलेस.

बाहेर येऊन कडी परत लावली. आता कळलं की तू माझ्या लग्नाला का आली नाहीस. गुडघा नव्हता दुखत. ती गेली तेव्हाही सकाळी येऊन संध्याकाळी निघून गेलीस, मी बाहेरच्या पायरीवर एकटा होतो. तुला मुक्काम करता येत नाही, कारण ते घरी वाट बघतात.

राग नाही आला. खरं सांगू? हेवा वाटला. अकरा वर्षं तू त्यांच्याशी बोलतेस, चेष्टा करतेस, चहा पितेस. तू सगळ्या नातेवाइकांत जास्त हसतेस. तुला जमलं. मग मला का अडवतेस?

तिसरी मी तिच्या जागी उभी केली आहे. रोज तिच्याजवळ बसतो. शिंक आली नाही अजून. ये आणि डोळे टाच. तुझ्याइतकंच मागतोय, जास्त नाही.

घुबड्या

१७ मार्च

बाळा,

आज चेष्टा नाही.

तुला वाटतं मला जमलं. ऐक. अकरा वर्षांत ते एक शब्द बोललेले नाहीत. दोघांचं मीच बोलते. मी टोमणा मारते, मग खुर्चीच्या बाजूने उत्तरही मीच देते. तुझे काका असते तर चप्पल फेकली असती, निदान कूस तरी बदलली असती. हे फक्त बघतात. मी जेवते, बघतात. मी झोपते, बघतात. आता मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठी झाले, तरी ते तसेच बघतात, तो कोट शिवून दिला त्या दिवशी मी जशी होते, त्या बाईला शोधत असल्यासारखे.

पहिल्या वर्षी मला वाटायचं ते माझ्यासाठी थांबलेत. मग एक दिवस सकाळी बघितलं तर त्यांची मान दाराकडे. मी म्हटलं, भुसा बसला असेल. सरळ केली. पुन्हा दाराकडे. पुन्हा सरळ केली. कडी मी चोरांसाठी लावत नाही रे. कडी मी त्यांच्यासाठी लावते.

तू ती तुकडे जोडणारी बाई सांगितलीस ना, माझ्या धंद्यातली. तू पुढचं सांगितलं नाहीस म्हणून मी इथल्या वाचनालयातल्या मुलीला विचारलं. एवढं शिवून नवरा घरी आला का तिचा? नाही आला. तो खालच्याच मुलखात राहिला. आणि तुझा तो गाणारा. त्याने राजाला विचारलं, राणीला विचारलं, नावाड्याला विचारलं. त्या बिचारीला कोणी विचारलं का, बाई गं, तुला वर यायचंय का? तुझ्या सगळ्या कथांत नवरे नुसते बघतात. बायकोचं म्हणणं एकातही ऐकलं नाही मी.

तोफ तुला न्यायला शिंकली नाही. कोंडलं म्हणून शिंकली. चिंध्यांत श्वास कोंडतो.

मी गुरुवारी येते, पहिल्या गाडीने. सुया आणते आणि कात्रीही आणते. तुझ्या समोर दोन्ही ठेवीन. डोळे हवे असतील तर टाचून देईन, वचन. मग तू आयुष्यभर दाराला कडी लाव.

येईपर्यंत काहीतरी खा. माती सोडून.

मावशी

२९ मार्च

मावशी,

दालन उघडून तीन दिवस झाले. गर्दी आहे. मी घरी झोपतो, रेडिओ लावतो. भांडी आपटायला वरच्या मजल्यावरच्यांची हरकत आहे.

त्या गुरुवारी मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितो. तू सुई आणि कात्री पायरीवर ठेवलीस आणि माझ्याकडे पाठ करून राणीला मुकुट घालत बसलीस, एक अक्षर न बोलता. तुला गप बसणं जमत नाही म्हणणाऱ्या काकांनी ते बघायला हवं होतं. मी कात्री उचलली तेव्हा तू वळली नाहीस, फक्त म्हणालीस, “सात दरवाजे आहेत बरं का. प्रत्येक मुठीला तिच्या तोंडावर बोलला असतास असं एक वाक्य. गोड बोललास तर मूठ परत आत.”

मला वाटलं ही क्रूर चेष्टा आहे. पहिल्या मुठीला मी म्हटलं, तू फार चांगली होतीस. तू म्हणालीस, “आत.”

मग मी म्हटलं, तुझा चहा म्हणजे कोमट पाणी होतं. तू म्हणालीस, “हां, ही ती. पुढे.” मग टूथपेस्ट मधोमध दाबायचीस. मग माझी सगळी पुस्तकं उघडी पालथी घालायचीस. तू राणीच्या मागून हसलीस, मीही हसलो, आणि हिरव्या स्वेटरची बाही हातात आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं की तू म्हणालीस साधी सर्दी आहे, जा तू कामाला, आणि मी गेलो, आणि तू मला बोलावलं नाहीस, मला तुझा भयंकर राग आलाय. एवढं बोलेपर्यंत मला माहीत नव्हतं की मला राग आलाय. सात महिने मी तिची पूजा करत होतो.

तू येऊन पेंढा भरलास, डोळे मिटलेले टाचलेस. ऐकणाऱ्या बाईचे मिटलेले डोळे. सगळ्यांना तीच सगळ्यात आवडते.

पण तुला न सांगितलेलं असं आहे. तुला गाडीत बसवून मी दालन बंद करायला परत आलो. कपड्यांची पिशवी उचलली, दिवे मालवले आणि दाराकडे निघालो. मागे शिंक आली. तोफच. काचेच्या कपाटातली मडकी किणकिणली. मग पावलं, तिची, डावा पाय जरा ओढत. माझ्या मागे, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर.

मावशी, मी वळलो नाही. आयुष्यात एवढं कठीण काही केलं नाही मी. दारापर्यंत ती मागे होती. बाहेर उजेडात आलो आणि नव्हती.

मग मी रस्त्यावर उभा राहून वळलो. आतमध्ये नुसतं दालन होतं.

संचालकबाई विचारतात, नावाडी अजून बिनकोटाचा कसा? मी तुला काही विचारत नाही.

तुझा,
घुबड्या

९ एप्रिल

चि. घुबडास,

विचारत नाही म्हणतोस आणि विचारतोस. शिकलास हो माझ्याकडून!

परवा सकाळी चहा केला. एकच कप. तो घेऊन आत गेले, कडी काढली आणि दार सताड उघडं ठेवलं. कात्री घेतली. माझाच नियम मला लागू, म्हणून गोड बोलायचं नाही असं ठरवलं. मला काय कठीण! त्यांना म्हटलं, तुम्ही घोरायचात. तुम्ही माझ्या माहेरच्यांना कंजूष म्हणायचात आणि स्वतः वापरलेला दोरा सरळ करून ठेवायचात. असं म्हणत म्हणत सदरे निघाले, पंचा निघाला, ती गुलाबी बनियन निघाली जी धुताना माझ्याच हातून रंगली होती. दुपार झाली. अकरा वर्षांचं बोलणं साचलं होतं रे. आणि मग एक मूठ राहिली आणि बोलायला वाईट काही उरेना. शोधलं, खूप शोधलं. शेवटी म्हटलं, तुम्ही माझ्याआधी गेलात, हा गाढवपणा केलात. ती मूठ निघाली.

डोळे शेवटी टाचतात, म्हणून काढलेही शेवटी. काढेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. दाराकडे नाही, माझ्याकडे. त्या दिवशी पहिल्यांदाच आत्ताची मी दिसले असेन त्यांना. सुरकुतलेली, एक दात कमी. हसले का, विचारू नकोस, कापडाला हसता येत नाही.

रात्री दार उघडंच ठेवून झोपले. मध्यरात्री की पहाटे कोण जाणे, जिना उतरल्याचा आवाज आला. बुटांचा. मी पांघरूण डोक्यावर घेतलं. तू वळला नाहीस, मग मावशीने उठून बघायचं म्हणजे लाज गेली.

सकाळी बूट जागेवर होते. त्यांच्या तळव्यांना ओली माती होती. पुसली मी.

सोबत कोट पाठवते. अंगावर चालतो, पोटात नाही, विसरू नकोस. नावाड्याच्या खांद्याला बरोबर बसेल, मी तो पुतळा शिवताना मापं कोणाची घेतली होती ते माझं मलाच माहीत नव्हतं. खिशातली काडेपेटी राहू दे.

रविवारी येतेय. मुक्कामाला. खाट मला, जमीन तुला, आणि चहा मी करीन, त्या पोरीकडून तू काय शिकला असशील ते मला ठाऊक आहे.

आणि एक. संध्याकाळी दालनाला कुलूप लावताना नावाड्याची मान मागे वळलेली दिसली, तर घाबरू नकोस आणि सरळ करू नकोस. ही बया कोणाशी गप्पा मारत उभी राहिली, एवढंच बघत असतील. त्यांना म्हणावं, येतेय मागून. दोन ऑर्डरी बाकी आहेत.

तुझी,
मावशी